नुसतीच पडून असलेली जागा

३ मार्च, सोमवार

ग्रंथालयातलं आमचं कपाट आज पुन्हा समाधीत गेलं. शब्द माझा नाही, तिथल्या ग्रंथपालांचा. फोनवर म्हणाले, “शनिवारी दहा वाजून सहा मिनिटांनी गेलं होतं. आज दहा वाजून चार मिनिटांनी. तुमच्यात सुधारणा आहे.” या माणसाने सरळ शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

कपाट म्हणजे फ्रिजएवढं यंत्र. आत चोवीस डिस्क, आणि त्यांच्यावर ग्रंथालयातल्या जुन्या वर्तमानपत्रांचे फोटो. डिस्कवर लिहिण्याचं काम ज्या प्रोग्रॅमकडे आहे तो ड्रायव्हर माझा. म्हणजे मुळात माझा. जानेवारीत त्यात ताईंनी हात घातला आणि फेब्रुवारीपासून कपाट गोठायला लागलं. यावर आणखी काय संशोधन करायचं, मला कळत नाही.

ताई म्हणजे ऑक्टोबरात आमच्याकडे लागलेल्या बाई. वय सत्तेचाळीस. पूर्वी मोठ्या यंत्रांवर काम केलेलं, मग सासरे अंथरुणाला खिळले म्हणून अकरा वर्षं घरी. आमच्या धंद्यात माणूस अकरा महिन्यांत शिळा होतो. माझ्याहून तेरा वर्षांनी मोठ्या, पण मला अहो-जाहो करतात, कारण मी वरिष्ठ. आधी अवघडायला व्हायचं. आता आवडतं.

साहेबांनी दुपारी बोलावून सांगितलं, “कारण शोध आणि अहवाल दे. एकतीसला ताईंचे सहा महिने भरतात. त्यांना कायम करायचं की नाही, ते तुझ्या अहवालावर ठरवू.” अहवालाच्या फॉर्मवर शेवटी एक चौकोन असतो, ‘जबाबदार व्यक्ती’. एवढा छोटा चौकोन कुणी आखला कोण जाणे. त्यात एकच नाव मावतं.

४ मार्च, मंगळवार

बायकोने विचारलं, गोठतं म्हणजे नक्की काय होतं? ती ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. तिच्या हाताखाली डॉक्टरही सरळ चालतात, त्यामुळे तिला ‘ते जरा तांत्रिक आहे’ हे उत्तर चालत नाही.

मी सांगितलं, मेमरी भरली की ऑपरेटिंग सिस्टिम त्यातला माल डिस्कवर लिहून टाकते आणि जागा मोकळी करते. लिहायचं काम ड्रायव्हरचं. पण लिहायला ड्रायव्हरलाही थोडी मेमरी लागते. ती मागायला गेला की सिस्टिम म्हणते, थांब, आधी जागा मोकळी करू दे. आणि जागा मोकळी करायला ती येते कुणाकडे, तर ड्रायव्हरकडेच. तो म्हणतो मेमरी दे, ती म्हणते आधी लिही. दोघंही सभ्य, दोघंही वाट बघतात, आणि यंत्र गोठतं.

“म्हणजे भांडी घासायला टब हवा आणि टब खरकट्या भांड्यांच्या तळाशी,” ती म्हणाली.

मी म्हटलं, साधारण तसंच. चार वर्षं मी ऑफिसात हे फळ्यावर बाण काढून समजावतोय.

६ मार्च, गुरुवार

यावर उपाय जुना आहे आणि दोन भागांत आहे. एक, ड्रायव्हरने मेमरी मागताना मागणीवर खूण करायची, की बाई, माझ्यासाठी जागा करायला डिस्ककडे जाऊ नकोस, तिथे मीच बसलोय. दोन, अगदीच नड आली तर म्हणून आधीपासून थोडी मेमरी बाजूला काढून ठेवायची. आमच्या ड्रायव्हरकडे असे चौसष्ट राखीव तुकडे आहेत.

ताई खूण करायला विसरल्या असणार, अशी माझी खात्री होती. आज त्यांच्या एकूण एक मागण्या तपासल्या. सगळ्यांवर खूण आहे. दोन ठिकाणी तर माझीच राहून गेलेली खूण त्यांनी केलीय, न सांगता. माझी जरा निराशा झाली.

संध्याकाळी निघताना त्या टेबलापाशी आल्या. “एक विचारू का? हे राखीव तुकडे आपण वेगाच्या आलेखासाठीही वापरतो का?”

मी म्हटलं, “ताई, यंत्र गोठतंय. आलेखाचं नंतर बघू.” मूळ मुद्दा सोडून भलतीकडे जायची सवय असते काही लोकांना. त्या बरं म्हणाल्या आणि गेल्या.

१० मार्च, सोमवार

सापडलं. ताईंनी जानेवारीत एकच मोठा बदल केला होता. पूर्वी कपाट एका वेळी आठ ठिकाणी लिहायचं, त्यांनी बत्तीस केलं. मी आज बत्तीसचं परत आठ करून ग्रंथालयात पाठवलं. दहा वाजून गेले, अकरा वाजून गेले, कपाट जागं. बत्तीस हा आकडा यांनी कुठून आणला देव जाणे. वर टीप लिहिलीय, ‘एका लेखनाला दोन, राखीव चौसष्ट, म्हणून बत्तीसच्या वर नाही.’ जणू काही भाजीवालीचा हिशोब.

बाराला ग्रंथपालांचा फोन. “आता समाधी नाही. आता गोगलगाय आहे. माझी माणसं एक पान ठेवतात आणि चहा पिऊन येतात. बत्तीसचा वेग आम्ही मागून घेतला होता, तो परत द्या.”

ते मागाहून बघू. कारण तर मिळालं.

१२ मार्च, बुधवार

ताईंनी मला न विचारता ग्रंथपालांना फोन केला. मी पलीकडेच बसलो होतो, सगळं ऐकलं. विचारत होत्या, “रोज दहाच्या सुमाराला तुमच्याकडे काय होतं?” मग बराच वेळ हं, हं. मग, “पडद्यावर? रोज?”

फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. “त्यांच्या संचालकांनी जानेवारीत दर्शनी दालनात मोठा पडदा लावलाय. दहाला दारं उघडतात तेव्हा त्यावर आपला वेगाचा आलेख लावतात. येणाऱ्या लोकांना दिसावं म्हणून.”

मला ऐकून बरं वाटलं. तो आलेख माझा. दोन वर्षांपूर्वी मीच केला होता. हिरव्या रेघा, दर सेकंदाला हलतात. मी म्हटलं, “बघा, लोकांना आवडतोय.”

काहीतरी बोलायचं होतं त्यांना, पण म्हणाल्या, “मी तुम्हाला पत्र पाठवते.” समोरच्या टेबलावरून पत्र! मी ते ‘नंतर वाचू’मध्ये टाकलं. तिथे त्यांचंच आधीचं एक पडलेलं होतंच.

१४ मार्च, शुक्रवार

अहवाल दिला. मूळ कारण: एका वेळच्या लेखनांची संख्या पुरेसा विचार न करता वाढवणे. चौकोनात ताईंचं नाव. पेन नीट उठत नव्हतं, दोनदा गिरवलं.

साहेब म्हणाले, “स्पष्ट आहे. छान.” ड्रायव्हरच्या टीमचा प्रमुख नेमायचाय, तेही सहज बोलून गेले. मी चेहरा गंभीर ठेवला. मला वाटतं जमलं.

ताईंनी अहवाल वाचला असावा, सगळ्यांना जातो तो. दुपारी त्या नेहमीसारख्या काम करत होत्या. एकदा बाहेर जाऊन फोनवर बोलून आल्या. काचेपलीकडून दिसलं, हसत होत्या. म्हणजे फार मनाला लावून घेतलेलं नाही.

१७ मार्च, सोमवार

आज बायको घरी आली ती तणतणत. त्यांच्याकडे आणीबाणीची एक ट्रॉली असते. पेशंटचं हृदय थांबलं, श्वास अडकला, तर लागणारं सगळं तिच्यात. तिला सील असतं आणि रोज सकाळी सील तपासून सही करतात. एका नव्या डॉक्टरने आज सील तोडून सिरिंज काढल्या, साधं रक्त घ्यायला. का, तर जवळ होत्या. वर म्हणाला, त्या तशाही पडूनच असतात.

“पडून असणं हेच तिचं काम आहे, असं सांगितलं मी त्याला,” बायको म्हणाली. “सगळ्यांदेखत.”

मी खूप हसलो. शिकलेली माणसं कशी वागतात! रोज उपयोगी पडत नाही म्हणजे रिकामी आहे, असं वाटतं त्यांना.

झोपेपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना. का ते कळलं नाही.

१८ मार्च, मंगळवार

ग्रंथपालांना वेग परत द्यायचाच होता, म्हणून सकाळी ऑफिसातल्या चाचणीच्या यंत्रावर बत्तीस आणि बाकी सगळं ग्रंथालयासारखंच लावून ते मुद्दाम गोठवलं आणि राखीव तुकडे कुणाकुणाकडे आहेत ते मोजायला बसलो. बत्तीस लेखनांना दोन-दोन लागतात. चौसष्ट. बरोबर पुरायला हवेत. भाजीवालीचा हिशोब चोख होता. पण लेखनांकडे निघाले एकोणचाळीसच. बाकीचे पंचवीस भलत्याच कुणीतरी नेले होते.

मला स्फुरण चढलं. कुणीतरी आणीबाणीच्या ट्रॉलीतून सिरिंज चोरतोय! एकेक ओळ तपासत गेलो आणि ती सापडली. आलेखासाठी नोंदी ठेवणारी ओळ राखीव साठ्यातून तुकडे उचलत होती. आलेख काढून झाल्याशिवाय ते परत करत नाही. आलेख काढायला मेमरी हवी. मेमरी मोकळी व्हायला डिस्कवर लिहायला हवं. लिहायला राखीव तुकडे हवेत. ते आलेखाकडे. गोल पूर्ण. आठ लेखनं असली तर सगळ्यांना पुरून उरतात, म्हणून दोन वर्षं कुणाला कळलं नाही. आणि दहा वाजता पडदा लागला की आलेख सुरू.

कुठली ओळ कुणी लिहिली हे सांगणारी आज्ञा असते. मी ती मोठ्या उत्साहाने दिली. म्हटलं, बघू कोण महाभाग आहे.

माझं नाव आलं. खाली, दोन वर्षांपूर्वी मी लिहिलेलं कारण: ‘राखीव जागा नुसतीच पडून होती, वापरात आणली.’

१९ मार्च, बुधवार

आजारी असल्याचं कळवलं आणि घरी बसलो. विचार केला तो असा.

एक. ताईंनी बत्तीस केलं नसतं तर हे झालं नसतं. हे खरं आहे.

दोन. संचालकांनी पडदा लावला नसता तरी झालं नसतं. हेही खरं आहे.

तीन. दोन वर्षांपूर्वी माझी ओळ साहेबांनी स्वतः तपासून पास केली होती.

चार नंबर सुचेना. बायको कामावरून आली तेव्हा मी यादीकडे बघत बसलो होतो. तिने कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, “ताप नाही. काय केलंस?”

काय झालं असं विचारतात लोक आजारी माणसाला. हिने काय केलंस विचारलं. मी सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, त्या ताई घरात एकट्या कमावत्या आहेत का. मला माहीत नव्हतं. सहा महिने समोर बसतात आणि मला माहीत नाही.

२३ मार्च, रविवार

परवा साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

“अहवाल वर गेलाय,” ते म्हणाले. “तो परत मागवायचा तर कर्मचारी विभागाने आधी फाइल परत करायला हवी.”

कर्मचारी विभागात गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, “साहेबांनी अहवाल लेखी मागे घेतल्याशिवाय मी फाइल कशी परत करू?”

परत वर. साहेब म्हणाले, “फाइल हातात नसताना मागे काय घेऊ?” दोघंही सभ्य. चार फेऱ्या झाल्या माझ्या.

शेवटी साहेबांनी मला बसवलं. “हे बघ, ओळ दुरुस्त कर. अहवालात नावच काढून टाकू. ‘अनेक घटकांचा एकत्रित परिणाम’ लिही. कुणावरच ठपका नको.”

“मग ताई?”

“त्यांचं काय, संशयाचा फायदा देता येतो कायम असलेल्याला. त्या अजून प्रोबेशनवर आहेत. आणि तुझं प्रमुखपद मी तोंडी बोललोय वर.”

मी विचार करतो म्हणालो. करायला काय होतं त्यात. पण मी खरोखर घरी येऊन विचार केला, दोन दिवस. हे लिहायची लाज वाटते, म्हणून लिहून ठेवतोय.

२५ मार्च, मंगळवार

आज बैठक होती. साहेब, मी, ताई, कर्मचारी विभागाच्या बाई, आणि टेबलाच्या मधोमध फोनवर ग्रंथपाल. साहेबांनी ‘अनेक घटक’ वाचून दाखवले. मग म्हणाले, “कुणाला काही बोलायचंय?”

मी ताईंकडे पाहिलं. म्हटलं, आता या बोलतील. यांना सगळं माहीत आहे, यांनी पडद्याचं शोधलंय, यांनी सुरुवात केली की मी लगेच दुजोरा देईन. ताई माझ्याकडे बघत होत्या. कर्मचारी विभागाच्या बाई साहेबांकडे बघत होत्या. साहेब दोघांपैकी कुणी बोलू नये म्हणून थांबले होते. किती वेळ गेला माहीत नाही.

फोनमधून ग्रंथपाल म्हणाले, “हॅलो? तुमच्याकडेही गोठलं का?”

कुणीच हसलं नाही. मी म्हणालो, “ओळ माझी आहे.”

मग थांबता येईना. सगळं सांगितलं, राखीव तुकडे, आलेख, पंचवीस, दोन वर्षांपूर्वीचं माझं वाक्य जसंच्या तसं. ताईंचा आकडा बरोबर होता आणि मी तो चूक ठरवला, हेही. हुशारीने बोलायचं ठरवलं होतं, पण फार केविलवाणं झालं. साहेब कागद चाळत होते. मी त्यांच्या समोरचा फॉर्म ओढला, ‘अनेक घटक’ खोडलं आणि रिकाम्या चौकोनात माझं नाव घातलं. मावलं. सही केली. मग कर्मचारी विभागाच्या बाईंना म्हटलं, हा नवीन अहवाल आहे, हा घ्या, जुना मागे घ्यायची गरज नाही.

त्यांनी कागद उलटून पाहिला. “असं चालतं,” त्या म्हणाल्या. “असं आधी कुणी केलं का नाही?”

ग्रंथपाल म्हणाले, “म्हणजे आज पडदा बंद ठेवू का?” ताई पहिल्यांदा बोलल्या. “हो काका, दोन दिवस बंद ठेवा. वेग मी आत्ता परत देते.”

ताई बाहेर पडताना माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं होतं, आभार मानतील. खरंच वाटलं होतं.

११ एप्रिल, शुक्रवार

अडीच आठवडे कपाट एकदाही गोठलेलं नाही. ताई एकतीसला कायम झाल्या, आणि आज ड्रायव्हरच्या टीमच्या प्रमुखही. ग्रंथपालांनी वर पत्र लिहिलं होतं, की आमच्याशी बोलायला ‘ज्यांनी प्रश्न विचारला त्या’ हव्यात. मला तीन महिने ड्रायव्हरमध्ये काही बदलायचं तर त्यांची मंजुरी लागेल. जळलो. तशी माझी पहिली दुरुस्ती त्यांनी मागच्याच महिन्यात परत पाठवली होती, कारण आलेखाच्या नोंदी मी राखीव साठ्यातून बाहेर काढल्या, पण त्यांच्यासाठी मेमरी खूण न करता मागितली होती. म्हणजे तोच गोल, दुसऱ्या दारातून. त्यांचं चुकलंय हे दाखवायला दोन तास घालवले. चुकलं नव्हतं.

दुपारी टेबलापाशी गेलो आणि म्हटलं, “ताई, तुम्ही त्या वेळी सरळ का नाही सांगितलंत?”

“तीनदा सांगितलं,” त्या म्हणाल्या. “एकदा तोंडी, दोनदा पत्राने. चौथ्यांदा सांगितलं असतं तर ती तक्रार झाली असती. सहा महिन्यांवर आलेल्या बाईने वरिष्ठाची तक्रार केली, एवढंच उरलं असतं.”

मी म्हटलं, माफ करा. त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

“मुलगी शिकायला बाहेर असते,” त्या म्हणाल्या. “रोज दुपारी फोन करून विचारते, काम कसं चाललंय. अकरा वर्षांनी आई परत लागली म्हणून तिलाच जास्त कौतुक. तुमचा अहवाल आला त्या दिवशीही तिचा फोन आला. मी म्हटलं, छान चाललंय, सगळे खूप सांभाळून घेतात. महिनाभर रोज हसून खोटं बोलले मी तिच्याशी. काल सगळं सांगितलं.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, त्या माणसाला माझ्याकडून चार शब्द सुनाव.”

मी खुर्ची ओढून बसलो आणि म्हटलं, “मग सुनावा.”

मला वाटलं, हसतील आणि सोडून देतील. त्यांनी समोरची फाइल बंद केली, चष्मा काढला आणि खरोखर सुरुवात केली. आवाज चढवला नाही. चारावर थांबल्या नाहीत. मधे एकदा मी ‘पण’ म्हणालो, तर तो पण कशासाठी होता ते त्यांनी विचारलं, आणि मी तो मागे घेतला.

काय बोलल्या ते इथे लिहीत नाही. लक्षात आहे सगळं, आणि त्यातला एकही शब्द जास्तीचा नव्हता.